ब्रिजमध्ये पुढे जायचंय? तुमचा भिडू कोण, ते आधी सांगा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २२, पदवी हातात आहे, चार वर्षांपासून कॉन्ट्रॅक्ट ब्रिज हा दोन जोड्यांनी खेळायचा पत्त्यांचा खेळ खेळता आणि ‘क्लबात मी बहुतेक वेळा पहिला किंवा दुसरा येतो’. आता नोकरी न धरता पूर्ण वेळ ब्रिजला द्यावा का, विश्वविजेत्यांची कारकीर्द कशी घडते आणि त्यासाठी स्मरणशक्ती किती लागते, हे तुम्हाला हवंय.

मी ३० वर्षांहून अधिक काळ स्पर्धांमध्ये खेळतोय आणि गेली काही वर्षं तरुण जोड्यांना शिकवतोय. मी विश्वविजेता नाही. पण जे आहेत त्यांच्यातल्या काहींसमोर बसून खेळलोय आणि ते कसे तयार होतात हे जवळून पाहिलंय. तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. त्यात तुमच्या भिडूचा उल्लेख एकदाही नाही. कोण आहे, किती वर्षं बरोबर खेळताय, काहीच नाही. ‘मी पहिला येतो’ असं तुम्ही म्हणता, पण ब्रिजमध्ये पहिली येते ती जोडी. म्हणून माझं उत्तर तिथूनच सुरू होतं.

या खेळातल्या मोठ्या कारकिर्दी आठवून पाहा, नावं जोडीनेच येतात. इटलीच्या ब्लू टीमने १९५७ ते १९६९ या काळात बर्म्युडा बोल ही जागतिक सांघिक स्पर्धा १० वेळा जिंकली आणि १९७३, १९७४, १९७५ अशी आणखी तीनदा. या तेराही विजयांत जॉर्जो बेलाडोना होता. आधी वॉल्टर अव्हारेल्ली त्याचा भिडू, नंतर बेनितो गारोत्सो. अमेरिकेचे बॉब हॅमन आणि बॉबी वुल्फ पाव शतक भिडू म्हणून एकमेकांसमोर बसले. जेफ मेकस्ट्रॉथ आणि एरिक रॉडवेल ही जोडी विशीच्या आसपास जमली आणि चार दशकांहून अधिक टिकली. ब्रिजच्या जगात त्यांना ‘मेकवेल’ या एकाच नावाने ओळखतात. २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई खेळांत ब्रिजला पहिल्यांदा पदकाचं स्थान मिळालं आणि पुरुषांच्या जोड्यांचं सुवर्ण भारताच्या प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी जिंकलं. तेव्हा बर्धन ६० वर्षांचे होते, सरकार ५६ वर्षांचे. बातम्यांमध्ये त्यांच्या वयाचं कौतुक फार झालं. मला विशेष वाटलं ते त्यांनी त्याआधी एकत्र घालवलेल्या वर्षांचं.

भिडूवर एवढा भर का, ते आकड्यांत सांगतो. तेरा पानांचे वेगवेगळे हात ६३५ अब्जांहून जास्त होऊ शकतात. ते भिडूला सांगण्यासाठी तुमच्याकडे शब्द आहेत फक्त ३८: पस्तीस बोली, पास, डबल आणि रिडबल. आवाज, चेहरा, घेतलेला वेळ यांतून काहीही सांगायला बंदी. म्हणजे प्रत्येक शब्दाला, तो कुठल्या बोलीनंतर आला यावरून, वेगळा अर्थ द्यावा लागतो. दोघांच्या डोक्यात तो अर्थ तंतोतंत एकच असावा लागतो. ही भाषा विकत मिळत नाही. प्रचलित पद्धतींची पुस्तकं वाचून तिचं व्याकरण येईल; बोलायला मात्र दोघांनी मिळूनच शिकावं लागतं.

माझाच अनुभव सांगतो. एका मोठ्या स्पर्धेचा उपांत्य सामना. प्रतिस्पर्ध्याने चार इस्पिक बोलून सुरुवात केली, म्हणजे इस्पिक हुकूम धरून सहावर चार, असे दहा हात (चार पानांची एक फेरी म्हणजे एक हात) करीन. माझ्याकडे किलवर आणि चौकट असे दोन लांब रंग होते, आम्ही व्हल्नरेबल होतो, म्हणजे बक्षीस आणि दंड दोन्ही मोठे. मी चार नो ट्रम्प (बिनहुकमी) बोललो. माझ्या मनातला अर्थ होता, ‘दोन रंग आहेत, तुझा बरा असलेला निवड.’ भिडूच्या मनातला अर्थ होता, ‘एक्के किती?’ त्याने पाच चौकट सांगितलं, म्हणजे एक एक्का. मी समजलो त्याला चौकट आवडली, आणि पास केलं. त्याच्याकडे चौकटची दोन पानं होती आणि किलवरची चार. प्रतिस्पर्ध्याने डबल देऊन दंड वाढवला, तीन हात कमी पडले, ८०० गेले. सांघिक सामन्यात तीच पानं दुसऱ्या टेबलावरही खेळली जातात; तिथे आमच्याच पानांवर समोरच्या संघाने पाच किलवर बोलून ६०० मिळवले. एका बोर्डवर, म्हणजे एका डावात, १,४०० गुणांचा फरक. सांघिक सामन्यात असा फरक ज्या एककात बदलून मोजतात त्या आयएमपींत १६. तो सामना आम्ही ९ आयएमपींनी हरलो.

आम्ही दोघंही त्या दिवशी चांगले खेळलो होतो. उतारी, बचाव, मोजणी, सगळं जागेवर होतं. फक्त त्या एका बोलीबद्दल आम्ही पाच वर्षांत कधी बोललोच नव्हतो. त्या रात्री आम्ही एक वही काढली. पहिल्या पानावर चार नो ट्रम्प कधी एक्के विचारतं आणि कधी नाही, एवढंच लिहिलं. पुढच्या सहा वर्षांत ती वही तीनदा नव्याने लिहावी लागली. मेकवेलची टिपणं शेकडो पानांची आहेत हे तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. त्यातली बरीच पानं म्हणजे कधीतरी टेबलावर भोगलेले गैरसमज असणार, असं मला स्वतःच्या वहीवरून वाटतं.

भिडू म्हणजे मित्रच हवा असं नाही. ऑस्ट्रियातून १९३८ मध्ये लंडनला निसटून आलेल्या रिक्सी मार्कस आणि फ्रिट्झी गॉर्डन टेबलावर कडाकडा भांडायच्या आणि तरी जगातल्या सर्वांत यशस्वी महिला जोड्यांपैकी एक होत्या. रिक्सी पुढे वर्ल्ड ग्रँडमास्टर झालेली पहिली स्त्री. पण मी भांडणाची शिफारस करणार नाही. मी पाहिलेल्या तुटलेल्या जोड्यांपैकी बहुतेक तुटल्या त्या डावाच्या मध्येच ‘हे पान का टाकलंस?’ असं विचारण्यामुळे. ज्याला हा प्रश्न विचारला जातो तो पुढचे तीन बोर्ड मागच्या बोर्डवरच खेळत असतो. माझ्या शिष्यांना एकच नियम सक्तीचा आहे: सत्र संपेपर्यंत खेळलेल्या डावाबद्दल एक शब्दही नाही. संपल्यावर कागद घेऊन बसायचं, आणि सुरुवात स्वतःच्या चुकीपासून करायची.

याच कामाला व्यवसायाचं रूप पहिल्यांदा दिलं ते डॅलसच्या ‘एसेस’नी. इटलीला हरवायचंच या इराद्याने आयरा कॉर्न या उद्योगपतीने १९६८ मध्ये खेळाडू गोळा केले. वुल्फ, जिम जेकोबी, बिली आयझेनबर्ग, बॉबी गोल्डमन, माइक लॉरेन्स, आणि थोड्या काळाने हॅमन. खेळणं हीच त्यांची नोकरी. प्रशिक्षक म्हणून हवाई दलातून निवृत्त झालेला अधिकारी आणला, जो मुसुमेची. प्रतिभेचे धडे तो देत नसे. कोणी कुठे चूक केली त्याचा हिशेब ठेवणं आणि ती पुन्हा होऊ न देणं, हे त्याचं काम. दोन वर्षांत, १९७० साली, ते बर्म्युडा बोल जिंकले आणि १९७१ मध्ये पुन्हा. इटलीच्या संघातही कार्लआल्बेर्तो पेरू हा न खेळणारा कर्णधार शिस्तीसाठी प्रसिद्ध होता. डोळे दिपवणारे स्क्वीझ (प्रतिस्पर्ध्याला हवं असलेलं पान टाकायला लावणारे डाव) छापले जातात, लक्षात राहतात. पण जागतिक स्पर्धा जिंकते ती बहुधा कमी चुका करणारी जोडी. मी ज्या अव्वल खेळाडूंविरुद्ध खेळलो, त्यांच्याबद्दल हीच आठवण आहे: फार चमत्कार केले नाहीत, पण फुकटचा एक हातही दिला नाही.

आता स्मरणशक्ती. बावन्न पानं पाठ ठेवायची असतात असा बाहेरच्यांचा समज असतो आणि नव्या खेळाडूंचाही. प्रत्यक्षात तेरापर्यंत मोजता यायला हवं, आणि ते न थकता, प्रत्येक डावात, दिवसभर. पानं एकेक करून मोजू नका, आकृत्या पाठ करा. ४-४-३-२ ही सर्वांत जास्त वेळा येणारी विभागणी, दर शंभरात साधारण २१ ते २२ वेळा. त्याखालोखाल ५-३-३-२ आणि ५-४-३-१. या आकृत्या रक्तात भिनल्या की प्रतिस्पर्ध्याच्या दोन रंगांचा पत्ता लागल्यावर उरलेले रंग आपोआप दिसायला लागतात. यासाठी विलक्षण मेंदू लागत नाही, सवय लागते. माझ्या एका शिष्येला फोन नंबर आठवत नाहीत. तिची मोजणी मात्र चुकत नाही.

मोजणीचा उपयोग कसा होतो ते पाहा. तुमच्या आणि डमीच्या (पानं उघडी मांडून बसलेल्या तुमच्या भिडूच्या) मिळून एका रंगाची नऊ पानं आहेत, राणी बाहेर आहे. बाहेरची चार पानं २-२ अशी पडण्याची शक्यता ४०.७ टक्के, ३-१ ची ४९.७. आकडेमोड पूर्ण केली तर एक्का-राजा वाजवून राणी पाडणं फिनेसपेक्षा, म्हणजे राणी एका बाजूला आहे असं धरून खालच्या पानाने हात घेऊ पाहण्यापेक्षा, किंचित सरस ठरतं. क्लबातला चांगला खेळाडू इथपर्यंत येतो आणि थांबतो. आता समजा डाव्या हाताच्या प्रतिस्पर्ध्याने तीन बदाम बोलून सुरुवात केली होती, म्हणजे त्याच्याकडे सात बदाम. तुमच्याकडे आणि डमीत मिळून चार, म्हणजे उजवीकडे दोन. डावीकडे इतर रंगांसाठी सहा जागा उरल्या, उजवीकडे अकरा. राणी उजवीकडे असण्याची शक्यता ११ ला ६. मघाचा किंचित फरक इथे पार उलटला. आता उजवीकडची राणी धरून फिनेस घ्यायचा.

दुसरं उदाहरण मला याहून आवडतं, कारण त्यात न घडलेली गोष्ट बोलते. पहिली बोली ज्याची होती त्याने पास केलं होतं. खेळताना त्याच्याकडून इस्पिकचा एक्का-राजा निघाला आणि नंतर चौकटचा एक्का. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन पॉइंट धरतात; म्हणजे सात आणि चार, अकरा पॉइंट. तुम्ही शोधताय ती किलवरची राणीही त्याच्याकडे असती तर तेरा झाले असते आणि त्याने पास केलं नसतं. राणी दुसऱ्याकडे आहे. इथे गणितही फारसं नाही. पहिल्या मिनिटाला झालेला पास अकराव्या मिनिटाला आठवायचा, बस. ‘स्मरणशक्ती’ म्हणतात ती हीच. जो खेळाडू हे प्रत्येक डावात करतो त्याला लोक ‘पानं दिसतात त्याला’ म्हणतात.

बोलीतलं शहाणपण गुणपद्धतीतून येतं, तेही पाठ करण्यापेक्षा स्वतः एकदा मांडून बघा. सांघिक सामन्यात, व्हल्नरेबल असताना, तुम्ही चार इस्पिक बोलून केले आणि दुसरं टेबल तीनवर थांबलं तर ६२० विरुद्ध १७०, म्हणजे १० आयएमपींचा फायदा. एक हात कमी पडला तर उणे १०० विरुद्ध १४०, म्हणजे ६ आयएमपींचा तोटा. सोळातून सहा, ३७.५ टक्के शक्यता असली तरी गेम, म्हणजे चार इस्पिकसारखी मोठ्या बक्षिसाची बोली, बोलावा. म्हणूनच अव्वल संघ ‘उतावळे’ वाटतात. हॅमनच्या नावाने एक नियम सांगितला जातो: अनेक बोली पटण्यासारख्या असतील आणि त्यातली एक तीन नो ट्रम्प असेल, तर तीन नो ट्रम्प बोला. त्याच्या मुळाशी हाच हिशेब आहे.

पण हिशेब बरोबर असूनही डाव जातो, आणि ते पचवणं हा कारकिर्दीचा मोठा भाग आहे. १९७५ च्या बर्म्युडा बोलचा अंतिम सामना, इटली विरुद्ध उत्तर अमेरिका. इटली मोठ्या पिछाडीवरून जवळ आली होती. बेलाडोना आणि गारोत्सो सात किलवरपर्यंत पोहोचले. डमीत हुकमाची दोनच पानं, एक्का आणि राणी. समोरच्या अमेरिकी संघातल्या एडी कँटारकडे हुकमाचा राजा आणि दश्शी, बरोब्बर दोन. बेलाडोनाने हुकूम खेळला, कँटारने दश्शी टाकली, डमीतून राणी, मग एक्क्याखाली राजा पडला आणि ग्रँड स्लॅम, म्हणजे तेराही हात, पूर्ण झाला. ती बोली चांगली नव्हती. राजाबरोबर आणखी एक हुकूम असता तर जगज्जेतेपद अमेरिकेकडे गेलं असतं. कँटारची त्यात काही चूक नव्हती. तुमच्याही वाट्याला असे डाव येतील, आणि पुढचा बोर्ड दीड मिनिटात समोर असेल.

त्यासाठी शरीर लागतं, हे तरुण खेळाडू मनावर घेत नाहीत. वुहानला २०१९ मध्ये बर्म्युडा बोलच्या साखळीत २४ संघ होते: प्रत्येकी १६ बोर्डांचे २३ सामने, आणि त्यातून पुढे गेलात की ९६ बोर्डांच्या बाद फेऱ्या. दोन आठवडे रोज सहा-सात तास एकाग्र बसायचं. संघात सहा जण असतात ते याचसाठी. झोप आणि चालणं यांना मी बोलीच्या सरावाइतकाच वेळ द्यायला लावतो. त्याचं फळ असं की हा खेळ लवकर सोडून जात नाही. हॅमन पहिला बर्म्युडा बोल १९७० मध्ये जिंकला आणि शेवटचा २००९ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी. त्या संघात झिया महमूद होता, जो १९८१ मध्ये पाकिस्तानच्या संघाला पहिल्याच प्रयत्नात अंतिम फेरीत घेऊन गेला होता आणि तिथे हरला होता. त्याला हा चषक मिळायला मध्ये २८ वर्षं गेली.

सचोटीबद्दल थोडक्यात पण स्पष्ट सांगतो. भिडू खूप वेळ विचार करून पास झाला तर त्या विलंबातून तुम्हाला काहीतरी कळतं, आणि ते वापरायचं नाही. कायदा तसं सांगतो. बचावात्मक बोली देण्याचा मोह झाला तर मी स्वतःला विचारतो, तो झटकन पास झाला असता तरी मी हेच केलं असतं का? २०१५ मध्ये नॉर्वेच्या बोये ब्रोगेलांडने अव्वल जोड्यांच्या फसवणुकीविरुद्ध उघड आवाज उठवला. त्यातले दोघं पूर्वी त्याच्याच संघातले. त्यांच्याबरोबर जिंकलेली विजेतेपदं त्याने सोडून दिली. माझ्या दृष्टीने कुठल्याही चषकापेक्षा ती त्याच्या कारकिर्दीतली मोठी गोष्ट आहे.

आता पैसा, ज्याच्यासाठी तुम्ही खरं विचारलंय. जागतिक अजिंक्यपदात पदक मिळतं, मान मिळतो. घर त्यावर चालत नाही. व्यावसायिक ब्रिजपटूचं उत्पन्न बहुतांशी प्रायोजकांकडून येतं, आणि हा प्रायोजक जाहिरातवाला नसतो. तो स्वतः खेळतो. संघाचा खर्च आणि खेळाडूंचं मानधन तो देतो आणि संघात बसून ठरलेल्या प्रमाणात बोर्ड खेळतो. अमेरिकेचा निक निकेल हे याचं सर्वांत ठळक उदाहरण. तो स्वतः उत्तम खेळाडू आहे आणि त्याच्या संघाने १९९५, २०००, २००३ आणि २००९ चे बर्म्युडा बोल जिंकले. पण अशी जागा जगात मोजक्या जोड्यांना मिळते, आणि मिळते ती आधीच जिंकत असलेल्यांना. बाकीचे शिकवतात, लिहितात, हौशी खेळाडूंबरोबर मानधनावर बसतात. ते प्रामाणिक काम आहे, पण त्यात तुमच्या कायमच्या भिडूबरोबरचे तास कमी होतात, हे मी स्वतः अनुभवलंय. ज्या वर्षी मी सर्वांत जास्त कमावलं, त्या वर्षी आमची जोडी सर्वांत वाईट खेळली.

म्हणून नोकरीचं उत्तर: धरा. ब्लू टीममधला अव्हारेल्ली न्यायाधीश होता, पिएत्रो फोरके बँकेत होता. रिक्सी मार्कस वर्तमानपत्रात ब्रिजवर लिहायची. हॅमननेही १९८६ मध्ये बक्षीस योजनांची जोखीम उचलणारी स्वतःची कंपनी काढली. तिथेही शक्यतांचाच हिशेब. पोटाची चिंता असलेला खेळाडू बचावात्मक होतो, किंवा हरलेलं भरून काढायला बेफाम बोलतो. दोन्ही मी पाहिलंय. सुट्ट्या मिळतील आणि संध्याकाळी डोकं ताजं राहील अशी नोकरी शोधा. राष्ट्रीय निवड चाचणीत सलग दोन-तीन वर्षं शेवटच्या टप्प्यापर्यंत पोहोचलात आणि कोणी मानधन देऊन बोलावलं, की मग पूर्णवेळाचा विचार करा. चांगल्या क्लब खेळाडूपासून तिथपर्यंत यायला, भिडू कायम राहिला तर, दहा वर्षं धरून चाला. तुमच्या वयाला २६ वर्षांखालील गटाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा अजून खुल्या आहेत. त्याची निवड चाचणी चुकवू नका, कारण तिथे तुमच्याच वयाचे भिडू भेटतात.

तुमच्या मनात कोणी भिडू असेल तर या आठवड्यात एवढं करा. दोघांनी वेगवेगळ्या खोलीत बसायचं, कागद घ्यायचा, आणि न विचारता लिहायचं: भिडूने एक नो ट्रम्पने सुरुवात केली, मधल्याने डबल दिलं, आता माझं दोन किलवर म्हणजे काय? माझं रिडबल म्हणजे काय? मी पास केलं तर भिडूने काय करायचं? हेच तीन प्रश्न डबलच्या जागी दोन चौकट ठेवून पुन्हा, फक्त रिडबलऐवजी डबल. मग कागद शेजारी ठेवा. सहापैकी चार जुळले तर तुमची सुरुवात चांगली आहे. किती जुळले ते मला कळवा, न जुळलेल्यांपासून पुढचं बोलू.